रहस्यकथा हातोहात : कोकणच्या वाटेवर वाचकांची साखळी कशी उभी करायची

रहस्यकथा पहिल्यांदा वाचताना जी मजा येते ती दुसऱ्या वाचनात येत नाही. खुनी कोण हे कळलं की आपल्यापुरतं पुस्तक संपतं, पण पुढच्या वाचकासाठी त्यातलं काहीच उणं झालेलं नसतं. कवितासंग्रह उशाशी ठेवावा, रहस्यकथा मात्र वाचून झाली की पुढे द्यावी, आणि शक्यतो त्याच प्रवासात द्यावी.

असं पुढे द्यायला कोकणाइतका सोयीचा प्रदेश दुसरा नाही. इथे माणसं सतत येत-जात असतात. मुंबईचा चाकरमानी गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात गावी येतो. पर्यटक किनाऱ्याकिनाऱ्यानं मुरूडपासून वेंगुर्ल्यापर्यंत उतरत जातो. शिवाय प्रवासात वेळ भरपूर. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतची सुमारे ७४० किलोमीटरची कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ला पूर्ण मार्गावर सुरू झाली, पण रोहा ते वीर हा टप्पा सोडला तर आपल्या बाजूचा मार्ग अजून एकेरीच आहे. क्रॉसिंगला गाडी एखाद्या लहान स्टेशनात उभी राहते, बाहेर झाडी, मोबाईलला रेंज नाही. दीडशे पानांची रहस्यकथा पनवेलला उघडली तर कणकवली येईपर्यंत आरामात संपते.

साखळी म्हणजे ठरलेल्या थांब्यांवर पुस्तकं ठेवायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ती वाचून पुढे द्यायची. अशा साखळ्या पुस्तकं चोरीला गेल्यामुळे बंद पडतात असं बऱ्याच जणांना वाटतं. मला तसं दिसलेलं नाही. पुस्तक नेलेलं माणूस वाचकच असतं आणि कधी ना कधी ते कुणाला तरी देतंच. साखळी तुटते ती तीन गोष्टींनी: ओल, निखळलेलं शेवटचं पान, आणि कुणीतरी पहिल्याच पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं खुन्याचं नाव. पुढचं सगळं या तिन्हींपासून पुस्तक वाचवण्याबद्दल आहे.

पहिलं काम: पुस्तकं निवडणं

जाडी आधी बघा. सव्वाशे ते दोनशे पानांचं, साध्या बांधणीचं, पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात मावेल असं पुस्तक सगळ्यात जास्त फिरतं. साडेचारशे पानांची कादंबरी प्रवासात अर्धी राहते, आणि अर्धी राहिलेली रहस्यकथा कुणीच पुढे देत नाही. "संपवून देतो हं" म्हणत माणूस ती घरी नेतो आणि तिथेच ती कपाटात जाते. जाड पुस्तकं टाकून द्यायची गरज नाही, ती दोन-तीन रात्री मुक्काम पडतो अशा ठिकाणी ठेवायची. गाडीत आणि फेरीबोटीवर पातळच.

गोष्ट एकटी उभी राहणारी हवी. एकाच गुप्तहेराच्या मालिकेतलं पाचवं पुस्तक हाती आलं आणि त्यात दुसऱ्या पुस्तकातल्या गुन्हेगाराचं नाव सहज येऊन गेलं, की वाचकाचं एक आख्खं पुस्तक वाया गेलं. मालिका फिरवायचीच असेल तर मुखपृष्ठाच्या वरच्या कोपऱ्यात भागाचा आकडा ठळक लिहा. कथासंग्रह मात्र बिनधास्त ठेवा. दाभोळच्या धक्क्यावर पलीकडची बोट येईपर्यंत एक कथा वाचून होते.

बहुतेक पुस्तकं मराठी असली तरी थोडी हिंदी आणि इंग्रजीही ठेवा. गोव्याकडून वर येणारे आणि दक्षिणेकडून येणारे प्रवासी याच गाड्यांतून जातात. फार रक्तरंजित पुस्तकांवर "मोठ्यांसाठी" एवढं लिहिलेलं बरं, कारण घरगुती मुक्कामात पुस्तकाच्या पेटीत पहिला हात लहान मुलाचा जातो.

आता पानांची तपासणी. ही टाळू नका. पुस्तक छापताना मोठ्या कागदाची घडी घालून बहुधा सोळा-सोळा पानांचे फर्मे तयार होतात आणि ते एकत्र बांधले जातात. गोंदाची बांधणी सुकली की पहिला किंवा शेवटचा फर्मा आधी सुटतो. इतर पुस्तकात शेवटची चार पानं नसली तर वाचक हळहळतो. रहस्यकथेत ती नसली तर आधीची दीडशे पानं वाचल्याचा उपयोग काय? म्हणून पानांचे आकडे सलग आहेत का ते पाहा. तुम्ही स्वतः ते पुस्तक वाचलेलं नसेल तर एक पोस्टकार्ड मजकुरावर आडवं धरा आणि फक्त आकडे बघत पानं उलटत जा. शेवट फुटणार नाही.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. माळ्यावर आजोबांच्या ट्रंकेत जुन्या रहस्यकथा सापडल्या तर त्या फिरायला सोडू नका. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, पण त्यांच्या जुन्या पातळ आवृत्त्या आज सहज मिळत नाहीत. एवढा पसारा असूनही त्या दुर्मीळ झाल्या, कारण स्वस्त कागदावरची पुस्तकं लोकांनी वाचली, वाटली आणि रद्दीत घातली. असं काही हाती लागलं तर एखाद्या जुन्या वाचनालयाला विचारा. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८पासून आहे, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४पासून. जुन्या पुस्तकाची कदर अशा ठिकाणी होते. फिरायला सोडायचं ते आजही दुकानात मिळणारं पुस्तक.

दुसरं काम: पुस्तक प्रवासाला तयार करणं

पारदर्शक प्लॅस्टिकचं कव्हर घाला, शाळेच्या वह्यांना घालतो तसं. तपकिरी कागदाचं कव्हर नको. एक तर ते दमट हवेत ओल धरून ठेवतं, आणि मुखपृष्ठच झाकलं तर अनोळखी माणसाला पुस्तक उचलावंसं वाटत नाही. पाठीवर सेलोटेप लावायचा मोह आवरा. वर्षभरात तो पिवळा पडतो, कडेनं चिकट होतो आणि शेजारच्या पुस्तकाला धरून बसतो. सैल पान बसवायला पांढऱ्या गोंदाची बारीक रेघ पुरते. पिठाची खळ वापरू नका, तिच्या वासानं कसर आणि झुरळं येतात.

आतल्या पहिल्या कोऱ्या पानावर चिठ्ठी चिकटवा. मजकूर छोटा असावा. मी असा लिहितो:

"हे पुस्तक फिरतं आहे. वाचा आणि पुढे द्या. घरी न्यायचं तर खुशाल न्या, संपलं की कोकणातल्या कुठल्याही थांब्यावर ठेवा. खुनी कोण ते सांगू नका, लिहू नका."

सिंधुदुर्गाकडच्या पुस्तकांवर शेवटची ओळ मालवणीत घालतो: "खुनी कोण ता सांगू नको." ती वाचून माणूस हसतो आणि मग पाळतोही. चिठ्ठीखाली जवळच्या दोन-तीन थांब्यांची नावं लिहा. स्वतःचा फोन नंबर मात्र लिहू नका. पुस्तक कुठे कुठे जाईल याचा नेम नसतो. नंबर द्यायचाच तर थांबा चालवणाऱ्याला विचारून दुकानाचा द्या.

शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत एक पट्टी लावा, वाचनालयात परतीची तारीख मारायला असायची तशी. तीन रकाने: महिना, कुठून कुठे, आद्याक्षरं. पूर्ण नावाची गरज नाही. "ऑक्टोबर, ठाणे ते खेड, मा. जो." एवढं वाचूनही पुढच्याला बरं वाटतं.

आणि आता माझ्या सगळ्यात आवडीची युक्ती, संशयिताचं पाकीट. पुस्तकाचा दोन तृतीयांश भाग जिथे संपतो त्या पानात रंगीत कागदाची खूण ठेवा. तिच्यावर लिहा: "इथे थांबा. तुमचा संशय कुणावर? चिठ्ठीवर लिहा, चौपदरी घडी घाला, मागच्या पाकिटात टाका. आधीच्यांच्या चिठ्ठ्या पुस्तक संपल्यावरच उघडा." शेवटच्या पुठ्ठ्याला आतून एक साधं पाकीट चिकटवा आणि त्यात कोऱ्या चिठ्ठ्या ठेवा. खूण कुठल्या पानावर घालायची हे पुस्तक वाचलेल्यानंच ठरवायचं, कारण काही पुस्तकांत उलगडा लवकर सुरू होतो. उलगड्याच्या निदान वीस पानं आधी खूण हवी.

या पाकिटानं पुस्तकाला गर्दी मिळते. तुम्ही एकटेच वाचता, पण संपल्यावर पाकीट उघडलं की तुमच्याआधी त्याच जागी थांबलेल्या सगळ्यांचे संशय हातात येतात. गणपतीपुळ्याहून चिपळूणला परत आलेल्या एका पुस्तकात सगळ्या मोठ्या माणसांनी डॉक्टरवर बोट ठेवलं होतं. एका चिठ्ठीवर मात्र शाळकरी अक्षरात लिहिलं होतं, "स्वयंपाकी. त्याने दोनदा हात धुतले." ती हात धुण्याची ओळ वाचताना माझ्या नजरेतून पार निसटली होती. मी मागे जाऊन शोधली, तर खरंच होती. ते बरोबर निघालं की नाही ते अर्थातच सांगणार नाही, पुस्तक अजून फिरतंय.

तिसरं काम: थांबे शोधणं

थांबा म्हणजे पेटी नव्हे, माणूस. जिथे रोज कुणीतरी बसतं आणि ज्याला पुस्तकाबद्दल थोडी आस्था आहे तीच जागा टिकते. सुंदर रंगवलेली पेटी किनाऱ्यावर उभी केली आणि तिच्याकडे बघणारं कुणी नसलं, तर दोन महिन्यांत तिच्यात बिस्किटांचे कागद सापडतात.

घरगुती मुक्काम पहिल्या क्रमांकावर. गुहागर, दिवेआगर, हर्णै, आंजर्ले, तारकर्ली, कुठेही मुक्काम करा, जेवणघराच्या भिंतीला एक फळी असतेच. जेवण झाल्यावर काकूंना सरळ विचारा, "काकू, इथे चार पुस्तकं ठेवू का? लोक वाचतील, नेतील, दुसरी ठेवतील." बहुतेक जणी हो म्हणतात, आणि संध्याकाळी लाइट गेले की पाहुण्यांना तीच पुस्तकं काढून देतात. विचारताना दोन गोष्टी स्पष्ट करा: पुस्तक हरवलं तर त्यांच्यावर जबाबदारी नाही, आणि त्यांनी स्वतः वाचायला घेतलं तर उत्तमच. मालकीणबाई स्वतः रहस्यकथा वाचायला लागल्या की तो थांबा पक्का झाला असं समजा.

रेल्वेच्या बाबतीत एक अडचण आहे. कोकण रेल्वेची बरीच स्टेशनं गावात नाहीत. राजापूर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड ही नावंच ते सांगतात. रत्नागिरीचं स्टेशनही शहराबाहेर आहे. उतरलेला माणूस फलाटावर रेंगाळत नाही, थेट रिक्षाकडे जातो. म्हणून थांबा फलाटावर शोधू नका, स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर किंवा रिक्षा स्टँडवर शोधा. गाडीची वाट बघणारे रिक्षावाले दादा तासन्‌तास मोकळे असतात आणि त्यांच्यात एक तरी पट्टीचा वाचक निघतोच. त्याच्याशी ओळख करा.

फलाटावर किंवा डब्यात पुस्तक बांधून, पिशवीत घालून ठेवून जाऊ नका. बेवारस वस्तू दिसली की पोलीस बोलावले जातात, आणि ते योग्यच आहे. गाडीत पुस्तक द्यायचं तर हातात द्यायचं. समोरच्या बाकावरच्या मावशी मगाचपासून मुखपृष्ठाकडे बघत असतील तर उतरण्याआधी म्हणा, "मावशी, माझं वाचून झालं. तुम्हाला हवं का? परत द्यायचं नाही, पुढे द्यायचं." या पद्धतीनं दिलेलं पुस्तक जेवढं लांब जातं तेवढं पेटीतलं जात नाही.

सागरी मार्गानं गाडी किंवा मोटरसायकल घेऊन जाणाऱ्यांसाठी फेरीबोटींचे धक्के उत्तम. आगरदांडा–दिघी, वेसवी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ या चारही ठिकाणी बोटीसाठी थांबावं लागतं, आणि धक्क्यावर सरबत-वडापावची टपरी असते. एका काठावर पुस्तक उचलायचं, पुढच्या खाडीच्या काठावर ठेवायचं असा सरळ क्रम लागतो. तुम्ही उत्तरेकडून दक्षिणेकडे जात असाल तर येताना दुसऱ्या कुणीतरी उलट दिशेनं आणलेली पुस्तकं मिळतात.

एसटी स्टँडवर कॅन्टीन किंवा वर्तमानपत्रवाला बघा. वस्तीच्या गाडीचे चालक-वाहक रात्री गावात मुक्कामाला असतात, त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीजवळच्या दुकानात दोन पुस्तकं ठेवून बघा. केशकर्तनालय, दवाखान्याची बाकं, गिरणी, या जागाही चालतात, पण तिथले लोक स्थानिक असल्यामुळे पुस्तक फिरण्यापेक्षा गावातच राहतं. त्यात वाईट काही नाही.

वाचनालयाशी जोडून घेताना एक काळजी घ्या. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार अनुदान घेणाऱ्या वाचनालयाला आपल्या ग्रंथांचा हिशेब ठेवावा लागतो. तुम्ही पुस्तकं "देणगी" म्हणून दिलीत आणि ती दाखल नोंदवहीत चढली, तर ग्रंथपाल ती अनोळखी प्रवाशाच्या हाती मोकळी सोडू शकत नाहीत. म्हणून आधीच बोलून घ्या: ही देणगी नव्हे, दारातल्या बाकावर ठेवलेलं फिरतं खोकं आहे. ग्रंथपालांनी मान्य केलं तर तुम्हाला सगळ्यात कोरडा आणि भरवशाचा थांबा मिळाला.

सुरुवात तीन थांब्यांनी करा, त्यांपैकी दोन तुमच्या नेहमीच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर असावेत. प्रत्येक ठिकाणी चार-पाच पुस्तकं. यापेक्षा जास्त ठेवली तर लोक चाळतात आणि ठेवून देतात.

चौथं काम: कोकणचं पंचांग सांभाळणं

साखळी वर्षभर सारखी चालत नाही, आणि चालवायचा हट्टही करू नये. होळीच्या आधी मुंबईकडच्या मित्रांना पुस्तकं द्या; शिमग्याला येणारी माणसं ती घेऊन उतरतील. एप्रिल-मे हा भरतीचा काळ. मुलांना सुट्ट्या, दुपारी उन्हामुळे बाहेर जाता येत नाही, आंबे खाऊन अंगणात आडवं पडलेलं सगळं घर वाचायला काहीतरी शोधत असतं.

मृग लागायच्या आत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, समुद्रकाठच्या थांब्यांवरची पुस्तकं आत आणा. पावसाळ्यात किनाऱ्यावरचे बरेच मुक्काम बंद असतात, मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद होतात, गेटवे–मांडवा लाँचही थांबतात. खाडीतल्या फेरीबोटी बऱ्याचदा चालू असतात, पण वारं फार झालं की त्याही उभ्या राहतात. रेल्वे पावसाळी वेळापत्रकानं हळू धावते, म्हणजे डब्यातल्या वाचनाला उलट वेळ वाढतो. म्हणून या दिवसांत पुस्तकं किनाऱ्यावरून उचलायची आणि रेल्वेच्या वाटेवर, मुंबई-ठाण्याच्या बाजूला, वाचनालयात ठेवायची.

नारळी पौर्णिमेनंतर पुस्तकं पुन्हा खाली उतरवायला लागा. गणपतीची गर्दी ही साखळीची सगळ्यात मोठी संधी आहे. जाताना सामान जास्त असतं, त्यामुळे मुंबईहून पातळच पुस्तकं द्या. परतीला पिशव्यांत नारळ, पोहे, कोकमं भरलेली असतात, तेव्हा चाकरमान्यानं पुस्तक गावातच ठेवून जावं हे आधीच सांगून ठेवा.

पाचवं काम: ओल

यावर सगळ्यात जास्त मेहनत घ्यावी लागते. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, अनेक ठिकाणी त्याहून जास्त पाऊस पडतो. हवेतली आर्द्रता बराच काळ ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की कागदावर बुरशी धरते, आणि पावसाळ्यात इथली हवा आठवडेच्या आठवडे त्याच्या वर असते.

पुस्तकं चिऱ्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. चिरा पाणी शोषतो आणि ती ओल पाठीमागच्या पुठ्ठ्यात उतरते. फळी भिंतीपासून दोन बोटं पुढे हवी. जमिनीवर खोकं नको, वाळवी खालून येते आणि वरचं पुस्तक उचलेपर्यंत पत्ता लागत नाही. पुस्तकं उभी आणि थोडी सैल ठेवा, हवा खेळायला हवी.

पावसाळ्यात घट्ट झाकणाचा डबा वापरा. पत्र्याचा बिस्किटांचा जुना डबा छान, प्लॅस्टिकचाही चालतो. पण डब्यात घालण्याआधी पुस्तक खडखडीत कोरडं हवं, नाही तर आपणच ओल आत कोंडतो. उन्हाळ्याच्या शेवटच्या कोरड्या दिवसांत पुस्तकं सावलीत, वाऱ्यावर उघडी ठेवून मग भरा. आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. नव्या चपलांच्या खोक्यात आणि बॅगांमध्ये येतात त्या फेकू नका. पुड्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत असं बघा. कपाटात टांगायच्या, ओल शोषून खाली पाणी जमवणाऱ्या पिशव्याही मिळतात; त्या पुस्तकांच्या डब्यात नकोत, फुटल्या तर सगळं भिजतं. डांबराच्या गोळ्या मी वापरत नाही. त्यांची वाफ अंगाला चांगली नाही, लहान बाळ असलेल्या घरात तर त्या मुळीच नसाव्यात, आणि वास पानांत असा मुरतो की वाचताना डोकं दुखतं. कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंडाचा तुकडा पुरचुंडीत बांधून ठेवण्याची जुनी रीत आहे, तिनं कसर थोडी लांब राहते. ओलीवर मात्र तिचा काही उपाय नाही.

पुस्तक भिजलंच तर पहिले दोन दिवस महत्त्वाचे, त्यानंतर बुरशी हमखास येते. चिकटलेली पानं ओढू नका. पुस्तक नुसतं दमटलं असेल तर पंख्याखाली उभं करा, पानं पंख्यासारखी पसरू द्या. जास्त भिजलं असेल तर दर दहा-पंधरा पानांनंतर टिपकागद किंवा छपाई नसलेला कोरा कागद घाला आणि तो ओला झाला की बदला. वर्तमानपत्राची शाई लागते, म्हणून ते शेवटचा पर्याय. कडक उन्हात ठेवू नका, कागद वाकडा होतो आणि गोंद तडकतो. वेळ नसेल, किंवा एकदम बरीच पुस्तकं भिजली असतील, तर ती प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये टाका. गोठल्यावर बुरशीची वाढ थांबते आणि मग एकेक काढून सवडीनं सुकवता येतं. कसर लागलेल्या कोरड्या पुस्तकालाही हाच उपाय आहे: पिशवी घट्ट बंद करायची, आठवडाभर फ्रीजर, बाहेर काढल्यावर साधारण हवेला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही.

बुरशी धरलेलं पुस्तक इतरांपासून लगेच वेगळं काढा. घराबाहेर, तोंडाला मास्क लावून, कोरड्या मऊ ब्रशनं झाडा. डाग जाणार नाही, त्याची काळजी करू नका. वास आणि पूड राहिली तर मात्र ते पुस्तक फिरवू नका.

२२ जुलै २०२१च्या पुरात चिपळूण बुडालं तेव्हा तिथल्या वाचन मंदिराचंही मोठं नुकसान झालं. नदीकाठच्या किंवा खाडीकाठच्या गावात थांबा असेल तर जूनपासून सप्टेंबरपर्यंत पुस्तकं माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर हवीत. दुकानाच्या खालच्या फळीवर एक दिवसही नकोत.

सहावं काम: रहस्य जपणं

पुस्तक देताना लोकांना राहवत नाही. "शेवट असा आहे ना, तुला वाटणारच नाही!" एवढ्यानंही नुकसान होतं, वाचणारा पहिल्या पानापासून सरळ दिसणाऱ्या माणसाला सोडून आडव्या माणसावर संशय घेत बसतो. मग काय सांगायचं? जागा सांगा, काळ सांगा, पहिल्या प्रकरणात काय घडतं ते सांगा, आणि वाचायला किती वेळ लागतो ते सांगा. "एका वाड्यात पाहुणे जमलेत, पाऊस लागलाय, सकाळी एकजण मेलेला सापडतो. ठाण्यापासून खेडपर्यंत होईल." एवढं पुरे.

थांब्यावर मतांची वही ठेवणार असाल तर तिच्यासाठी नियम करा: पहिल्या तीन प्रकरणांपलीकडचं काही लिहायचं नाही. पात्राचं नाव घेऊन "आवडला" किंवा "चीड आली" असंही नको, त्यावरून अंदाज बांधता येतो. भाषा, वेग, वातावरण, भीती वाटली का, झोप उडाली का, यावर हवं तेवढं लिहावं.

पुस्तक परत आलं की आधी पानं चाळा. पेन्सिलीनं कुठे नाव लिहिलेलं किंवा एखाद्या वाक्याखाली रेघ मारलेली दिसली तर खोडा. पेनानं लिहिलं असेल तर नुसतं गिरवून चालत नाही, खालचं अक्षर उजेडात दिसतं. त्याच आकाराचा कागदाचा तुकडा वर चिकटवा. रेघ तर फारच घातक. कळीच्या वाक्याखालची एक रेघ सगळं सांगून टाकते. पाकिटातल्या चिठ्ठ्याही तपासा, कुणी शेवट वाचून मग चिठ्ठी लिहिली असेल तर ती काढून टाका. म्हणूनच प्रत्येक पुस्तक तपासणारा निदान एकजण ते आधी वाचलेला हवा. आमच्याकडे तपासणी वाटून घेतलेली आहे आणि न वाचलेल्या पुस्तकाला कुणी हात लावत नाही.

हिशेब, टपाल आणि कायदा

हिशेब कमीत कमी ठेवा. प्रत्येक पुस्तकाला एक क्रमांक, एका वहीत नाव आणि कुठे सोडलं ते. दंड नाही, मुदत नाही, अनामत नाही. वर्षातून एकदा, पावसाळ्यात पुस्तकं आत आणताना, मोजदाद करा. जी दिसत नाहीत ती प्रवासात आहेत असं धरा आणि तेवढी नवी घाला.

एका थांब्यावर ढीग आणि दुसरीकडे कोरडं असं झालं तर जाणाऱ्या माणसाबरोबर पाठवणं सगळ्यात सोपं. कुणी नसेल तर एसटीच्या पार्सल खिडकीवर रीतसर पावती करून पाठवा. टपालाचं म्हणाल तर छापील पुस्तकांची जुनी स्वस्त रजिस्टर सेवा डिसेंबर २०२४मध्ये बंद झाली. १ मे २०२५पासून ज्ञान पोस्ट सुरू झाली आहे. तिचा सुरुवातीचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर, असा ठरला. ती शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी आहे, त्यामुळे कादंबऱ्या घेतात का ते आपल्या पोस्टात आधी विचारून मगच गठ्ठा बांधा. आत प्लॅस्टिकचं आवरण घाला, बाहेरून पुठ्ठा.

विकत घेतलेलं पुस्तक दुसऱ्याला वाचायला देणं किंवा देऊन टाकणं यात कायद्याची काहीच अडचण नाही. त्याची छायाप्रत काढणं, किंवा पानांचे फोटो जोडून मोबाईलवर पीडीएफ फिरवणं हे मात्र चालत नाही. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत कॉपीराइट असतो. "सगळ्यांना एकदम वाचता येईल" म्हणून कुणी गटात पीडीएफ टाकायला निघालं तर थांबवा. मराठी रहस्यकथा छापणारे प्रकाशक आधीच मोजके आहेत. उलट साखळीत आवडलेल्या लेखकाचं एखादं नवं पुस्तक दरवर्षी वर्गणी काढून विकत घ्या आणि तेच पुढच्या फेरीत सोडा.

थकलेली पुस्तकं

चार-पाच वर्षं फिरलेलं पुस्तक थकतं. पाठ सुटली असेल तर गावातल्या बाइंडरकडे द्या, जाड दोऱ्याची शिलाई घालून तो त्याला आणखी काही वर्षं चालवतो. शिवताना आतल्या समासात अक्षरं जाणार नाहीत ना, हे आधी दाखवून द्या. शेवटची पानं हरवली असतील तर मात्र ते पुस्तक साखळीतून काढायचं. दुसरी प्रत मिळाली तर तिला तोच क्रमांक द्या आणि जुन्या प्रतीतलं पाकीट, चिठ्ठ्यांसकट, नव्या प्रतीला चिकटवा. जुन्या प्रतीच्या मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत "शेवट नाही" लिहा आणि ती रद्दीत घाला. नुसती बाजूला ठेवू नका, कुणीतरी ती उचलून वाचायला बसेल.